कर्व्ह जुळला, पण मॉडेल बरोबर आहे का? एमएस्सीच्या एका प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागात घडलेलं हे प्रकरण आहे. नाव-गाव मुद्दाम काढून टाकलंय, बाकी घडलं तसंच लिहितोय. मी त्याच विभागात शिकवतो आणि या प्रोजेक्टला दुसरा अंतर्गत परीक्षक होतो. मार्गदर्शक आमच्या एक मॅडम होत्या, डिफरेन्शियल इक्वेशन आणि मॉडेलिंग हे दोन्ही पेपर त्याच घेतात.

एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) आल्यापासून एमएस्सीच्या तिसऱ्या सेमला ४ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आलाय. गणितवाल्यांना याची सवयच नव्हती. आपल्याकडे थिअरम, प्रूफ, उदाहरणं आणि शेवटी तीन तासांचा पेपर, असंच चालत आलेलं. त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे एखाद्या पुस्तकातला चॅप्टर घ्यायचा, लाटेकमध्ये टाइप करायचा, स्पायरल बाइंडिंग करून जमा करायचा, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी सुरू झाला. मॅडमना ते अजिबात नको होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, उपयोजित गणित म्हणतोय ना, मग पोरांच्या हाताला खरा डेटा लागू दे.

चार जणांच्या एका ग्रुपने विषय घेतला तो मुंबईच्या प्लेगचा. साथीचं एसआयआर मॉडेल कोविडमुळे आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण ते ज्या रिसर्च पेपरमधून आलं तो केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा पेपर, आणि त्यात पडताळणीसाठी जो एकमेव मोठा डेटा वापरलाय तो आपल्या मुंबई बेटाचा आहे, हे कितीतरी गणिताच्या शिक्षकांनाही माहीत नसतं. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, पुढच्याच वर्षी हाफकिनने इथेच लस तयार केली आणि पुण्यात रँडचं प्रकरण झालं. हे सगळं आपण शाळेत इतिहासाच्या तासाला शिकतो आणि गणिताच्या वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही, म्हणून मुलांना विषय एकदम आवडला. ग्रुपमधल्या एकीच्या घरी तर पणजीच्या वेळी प्लेगला घाबरून अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायला गेलेलं, ते सांगणारं माणूस अजून आहे.

मॉडेल थोडक्यात असं. लोकांचे तीन गट: ज्यांना लागण होऊ शकते ते, लागण झालेले, आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे झालेले किंवा मेलेले). लागण पसरायचा दर बीटा, बाहेर पडायचा दर गॅमा. साथीच्या सुरुवातीला एक लागण झालेला माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा आर-नॉट. साथ लहान असेल तर यातून एक सूत्र हाताने काढता येतं आणि मूळ पेपरमध्ये ते मुंबईसाठी असं आलंय: दर आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेच-स्क्वेअर (०.२ टी − ३.४), टी म्हणजे आठवडे, सेच-स्क्वेअर म्हणजे हायपरबोलिक सेकंट या फंक्शनचा वर्ग. घंटेच्या आकाराचा कर्व्ह येतो. ३.४ ला ०.२ ने भागलं की १७, म्हणजे सतराव्या आठवड्यात, १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यूंचं शिखर. कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण साधारण ८,९०० मृत्यू. पेपरमधल्या ग्राफवर ठिपके आणि कर्व्ह इतके छान बसतात की जवळपास प्रत्येक पुस्तकात तो ग्राफ छापलेला असतो.

प्रश्न कुठे आला

मुलांनी त्या ग्राफवर क्लिक करून करून आकडे काढले, पायथनमध्ये टाकले आणि पूर्ण एसआयआर मॉडेल लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) फिट केलं. कोड दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर चालवला. दोन्हीकडे कर्व्ह डेटावर अगदी मस्त बसला. रिपोर्टमध्ये टाकायला म्हणून बीटा, गॅमा आणि आर-नॉटचं टेबल करायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की दोघांचे आकडे वेगळेच आहेत. किरकोळ फरक असता तर चाललं असतं. एकाकडे लागण झालेला माणूस सरासरी एक आठवडा संसर्ग पसरवतोय, दुसऱ्याकडे जेमतेम दोन तास!

आधी त्यांना वाटलं कोडमध्ये बग आहे. दोन दिवस बग शोधण्यात गेले. बग नव्हता. फरक एवढाच होता की एकाने सुरुवातीची लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास धरून फिटिंग सुरू केलेलं आणि दुसऱ्याने त्या काळच्या मुंबईची म्हणून दहा लाख धरलेली.

मग ते मॅडमकडे आले आणि विचारलं, "मॅडम, यातला बरोबर कुठला?" मॅडमनी तेव्हा उत्तर दिलं नाही. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहायला सांगितलं आणि विचारलं की डेटाकडून तुम्हाला किती आकडे मिळतात? तीन: ८९०, ०.२ आणि ३.४. मॉडेलला किती लागतात? बीटा, गॅमा, सुरुवातीची लागण होऊ शकणारी लोकसंख्या, सुरुवातीचे लागण झालेले. चार. समीकरणं तीन आणि अज्ञातं चार, म्हणजे एक अज्ञात मोकळंच राहणार, हे बारावीच्या पोरालाही कळतं पण इतकी वर्षं तो ग्राफ बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

पुढचं मुलांनी स्वतः काढलं. ०.२ आणि ३.४ वरून गॅमा × (आर-नॉट − १) हे जवळजवळ ०.४ येतं, आणि ८९० वरून लोकसंख्या = ११,१२५ × गॅमा × आर-नॉटचा वर्ग. आता गॅमा तुम्हाला हवा तो घ्या; १ भागिले गॅमा म्हणजे संसर्गाचा सरासरी काळ, आठवड्यांत. संसर्गाचा काळ एक आठवडा धरला की आर-नॉट १.४ आणि लोकसंख्या साधारण २१,८००. साडेतीन दिवस धरला की आर-नॉट १.२, लोकसंख्या ३२ हजार. आणि लोकसंख्या दहा लाख हवी असेल तर गॅमा ८९ च्या आसपास घ्यावा लागतो, आर-नॉट १.००४५, संसर्गाचा काळ दोन तासांपेक्षाही थोडा कमी. सकाळी आठला लागण झाली तर दहाच्या आत माणूस मॉडेलमधून बाहेर! प्लेगच्या रोग्याचं असं होत नाही हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण उलट बाजूला, दहा लाखांच्या मुंबईत फक्त बावीस हजार लोकांनाच लागण होऊ शकत होती हेही कशावरून धरायचं? आणि या सगळ्या पर्यायांत सूत्र तेच, कर्व्ह तोच, ठिपक्यांवर बसणं तेवढंच चांगलं.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू झाला. प्रोजेक्टचं शीर्षक मंजूर झालेलं, त्यात 'आर-नॉटचे अनुमान' असे शब्द होते. सबमिशनला दीड महिना उरलेला. मार्कांच्या तक्त्यात 'निष्कर्ष' या रकान्याला चांगलं वजन. आणि मुलं रडकुंडीला आलेली, कारण त्यांच्या मते हातात काहीच उरलं नव्हतं.

काय काय पर्याय होते

विभागात यावर दोन-तीनदा चर्चा झाली, चहाच्या वेळी पण आणि एकदा नीट बसून पण.

सगळ्यात सोपा पर्याय, आहे तसं जमा करायचं. कर्व्ह जुळतोय, पेपर जगप्रसिद्ध आहे, बाहेरचे परीक्षक यापलीकडे विचारतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मुलांना हेच हवं होतं आणि त्यात त्यांचा दोष नाही, नेट-सेटची तयारी चालू, घरी लग्नाचं बघणं चालू, प्रोजेक्ट एकदाचा संपावा असं वाटणारच.

दुसरा पर्याय मला जास्त धोक्याचा वाटत होता कारण तो दिसायला शास्त्रीय आहे. गॅमाची एखादी 'पटणारी' किंमत बाहेरून घ्यायची, समजा एक आठवडा, आणि मग आर-नॉट १.४ असं ठासून लिहायचं. छापील संशोधनातही हे सर्रास होतं. कधीकधी ते योग्यही असतं, बाहेरची माहिती वापरण्यात गैर काही नाही, पण मग तो १.४ डेटातून आलेला नाही, तुमच्या गृहीतकातून आलाय, हे तितक्याच ठळकपणे लिहावं लागतं आणि तेच गाळलं जातं. कोविडच्या सुरुवातीला अगदी हेच झालं. साथ नवीन असते तेव्हा केसेस फक्त बीटा वजा गॅमा या फरकाने वाढतात, दोन्ही वेगवेगळे दिसतच नाहीत. केसेस ५ दिवसांत दुप्पट होत असतील आणि संसर्गाचा काळ ५ दिवस धरला तर आर-नॉट १.७ येतो, १० दिवस धरला तर २.४. डेटा एकच. यावरून धोरण ठरवायचं म्हटलं तर १.७ आणि २.४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा पर्याय, मॉडेल सुधारायचं, उंदीर आणि पिसवा घालायच्या, ऋतूप्रमाणे बदलणारे दर घालायचे. ग्रुपमधला कोडवाला मुलगा यावर फार उत्सुक होता. मॅडमनी नको म्हटलं आणि मला ते पटलं. डेटाचे ठिपके तीसेकच राहणार आणि अज्ञातं चारवरून आठ-दहा होणार, म्हणजे आधीच जे ठरत नाहीये ते आणखी कमी ठरणार, फक्त कर्व्ह अजून सुंदर दिसेल.

चौथा, 'यातून आर-नॉट का काढता येत नाही' हाच प्रोजेक्ट करायचा. यावर आमच्या एका ज्येष्ठ सरांचा आक्षेप होता की गणित विभागातून 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट जाऊ नये, आम्हाला इथे थिअरम हवं. आक्षेप वजनदार होता. मॅडमचं उत्तर होतं की यात थिअरम आहेच: चार पॅरामीटर घेऊन तीन स्थिरांक देणारं फंक्शन एकास-एक नाही हे सिद्ध करायचं, आणि एका कर्व्हवर जाणारे सगळे पॅरामीटर मिळून कुठला वक्र बनवतात ते लिहून दाखवायचं. आयडेंटिफायेबिलिटी, म्हणजे डेटावरून पॅरामीटर ठरवता येतात का हा प्रश्न, हा आजच्या उपयोजित गणितातला चालू, जिवंत विषय आहे, लोक त्यासाठी डिफरेन्शियल अल्जिब्रा वापरतात. सर तयार झाले, पण अट घातली की प्रूफ मुलांनी फळ्यावर करून दाखवायचं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. शीर्षक बदलायचा अर्ज केला, तो सही-शिक्क्यासाठी फिरत राहिला, शेवटी झालं.

पहिलं काम प्रूफचं, ते वर सांगितलंच. सेच-स्क्वेअर हे लहान साथीपुरतं चालणारं अंदाजी सूत्र आहे, एक आठवड्याच्या पर्यायात तर ४० टक्क्यांच्या वर लोक सापडतात तेव्हा ते ताणलं जातं, म्हणून पूर्ण मॉडेलवरही तपासायला लावलं. गॅमा एका किमतीला बांधायचा, बाकी तीन पॅरामीटर फिट करायचे, चूक किती राहिली ते लिहायचं, मग गॅमा बदलायचा, परत. याला प्रोफाइल काढणं म्हणतात. एखादा पॅरामीटर डेटातून खरंच ठरत असेल तर या ग्राफला खोल दरी पडते. इथे गॅमा एवढा बदलूनही ग्राफ लांबच लांब सपाट. तो सपाट ग्राफ रिपोर्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र ठरला.

दुसरं, मूळ पेपर वाचायला लावला. तोपर्यंत मुलांनी फक्त पुस्तकातलं वाचलं होतं, आणि इथे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पेपरमध्ये त्या ग्राफपाशीच केरमॅक-मॅकेंड्रिकनी स्पष्ट लिहिलंय की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरतोय, सगळे उंदीर सारखेच लागण होण्याजोगे, पिसवा भरपूर, दर कायम, अशी गृहीतकं आहेत, यातलं एकही काटेकोर खरं नाही, आणि म्हणून स्थिरांकांच्या किमतींवरून काही निष्कर्ष काढू नयेत. मूळ लेखकांनीच बजावून ठेवलेलं! पुस्तकांनी ग्राफ उचलला आणि इशारा मागे ठेवला. पणजीची गोष्ट सांगणारी मुलगी हे वाचून म्हणाली की मॅडम, मग आम्ही जे दीड महिना करत होतो ते यांनी नकोच म्हटलेलं की.

तिसरं, दुसऱ्या वर्षांकडे बघणं. एसआयआर मॉडेलमध्ये साथ ओसरते ती लागण होण्याजोगे लोक कमी झाल्यामुळे. तसं असेल तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत तसंच शिखर यायला नको. पण मुंबईत प्लेग १८९७ पासून कितीतरी वर्षं दर हिवाळ्याच्या शेवटी-उन्हाळ्याच्या तोंडावर वर यायचा आणि पावसाळ्यापर्यंत खाली जायचा. म्हणजे ओसरण्याचं कारण ऋतू, उंदीर आणि पिसवा यांत शोधावं लागतं. प्राणिशास्त्र विभागातल्या एका सरांनी मुलांना तासभर बसवून उंदरांवरच्या पिसवांचं आयुष्य, तापमान-दमट हवा यांचा परिणाम, आणि परळच्या प्रयोगशाळेत त्याच काळात गिनिपिग वापरून पिसवांवर झालेलं काम समजावलं. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच मांडलंय, की मुंबईच्या डेटावर तो फिट प्लेगच्या जीवशास्त्राशी जुळत नाही आणि ऋतू धरल्याशिवाय गत्यंतर नाही. मॅडमनी तो पेपर मुलांना मुद्दाम सगळ्यात शेवटी दिला.

काय झालं

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न, "आर-नॉट किती आला?" मुलगी म्हणाली, "सर, या डेटावरून तो सांगता येत नाही, का सांगता येत नाही ते दाखवते," आणि उठून फळ्यावर तीन समीकरणं लिहिली. दहा मिनिटं परीक्षक काही बोलले नाहीत, मग दोन तासांच्या गॅमाचा आकडा त्यांनी स्वतः मोबाइलवर गुणाकार करून तपासला. ज्येष्ठ सरांनी अटीप्रमाणे प्रूफ करून घेतलं आणि मान हलवली.

मार्क चांगले पडले पण सगळ्यात जास्त नाही. 'निष्कर्ष' रकान्यात कापले गेले, कारण तक्त्याप्रमाणे तिथे 'उत्तर' अपेक्षित होतं. चार जणांपैकी दोघांना विषय मुळापासून कळला होता. एकाला कोड पाठ होता पण सपाट ग्राफचा अर्थ विचारला तर अडखळला, आणि एकाने बहुतेक टायपिंग केलं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

विभागाने पुढच्या वर्षासाठी तक्ता बदलला. आता एक वेगळा रकाना आहे: 'हाच डेटा दुसऱ्या कशाने समजावता येईल का, हे तपासलं का'. मॉडेलिंगच्या वर्गात मॅडम आता एसआयआर शिकवताना कर्व्ह दाखवल्यावर थांबतात आणि उलटं विचारतात, कर्व्हवरून गॅमा सांगा. थिअरी पेपरमध्ये मात्र प्रश्न अजून तोच आहे, 'सूत्र काढा, १० गुण', तो बदलायला अभ्यास मंडळाकडे जावं लागतं आणि ते अजून झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी गोष्ट, खरा डेटा हातात देण्याआधी खोटा द्यायचा. स्वतःच बीटा-गॅमा ठरवून कॉम्प्युटरवर साथ तयार करायची, त्या आकड्यांत मुद्दाम थोडे इकडे-तिकडे फरक मिसळायचे, आणि मग आपणच ठेवलेल्या किमती परत सापडतात का बघायचं. एका प्रॅक्टिकलचं काम आहे. ते सुरुवातीला झालं असतं तर दोन लॅपटॉपांचा घोळ पहिल्याच आठवड्यात समोर आला असता आणि शीर्षकात 'अनुमान' हा शब्द आलाच नसता.

मूळ पेपर पहिल्या दिवशी द्यायला हवा होता का, यावर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. त्यांना वाटतं हवा होता, वेळ वाचला असता. मला वाटतं इशारा आधीच वाचला असता तर मुलांनी तो नुसता रिपोर्टमध्ये उतरवला असता. दोन तासांचा आकडा स्वतःच्या लॅपटॉपवर बघितल्यामुळेच तो इशारा त्यांना कळला. बाकाएरचा पेपर शेवटी देणं तर नक्कीच बरोबर होतं.

प्राणिशास्त्राच्या सरांना मात्र फार उशिरा बोलावलं. इमारत समोरच आहे, ओळखही आहे, पण गणितवाले दुसऱ्या विभागात सहसा जात नाहीत. ते विषय ठरवतानाच असते तर मृत्यूंच्या आकड्यांसोबत मेलेल्या उंदरांचे आकडे शोधायची कल्पना तेव्हाच सुचली असती. तो दुसरा डेटा मिळाला तर मोकळं राहिलेलं चौथं अज्ञात निदान काही मर्यादेत बांधता येईल का, हे बघण्यासारखं आहे, आणि यंदाच्या एका ग्रुपने नेमका तोच विषय मागितलाय.

मार्कांचा तक्ताही बाहेरच्या परीक्षकांशी आधी बोलून घ्यायला हवा होता. 'ठरवता येत नाही' हे सिद्ध केलेलं उत्तर म्हणजेच निष्कर्ष, हे त्यांना व्हायव्हाच्या दिवशी पटवत बसायची वेळ आली आणि त्याची किंमत मुलांनी मार्कांत मोजली. आणि चार जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाकडून गॅमाची एक वेगळी किंमत घेऊन पूर्ण गणित हाताने करून घेतलं असतं, तर टायपिंगवाल्या मुलालाही फळ्यापाशी उभं राहता आलं असतं. यंदा ते सक्तीचं केलंय.